सेवाव्यापाराची चार दारे

कापसाची गाठ परदेशी जाते तेव्हा ती तोलता येते, तिच्यावर जकात बसविता येते. परिचारिकेची शुश्रूषा किंवा अभियंत्याचा आराखडा कोणत्या नाक्यावर तोलावा? सेवेच्या वाटेतील अडथळा जकातीचा नसतो. तो परवान्याचा, व्हिसाचा आणि पदवीच्या मान्यतेचा असतो. म्हणून सेवाव्यापार खुला करणे म्हणजे आपल्याच देशातील नियमांविषयी दुसऱ्या देशाला वचन देणे होय.

अशा वचनांची जागतिक चौकट 'गॅट्स' या कराराने घालून दिली. जागतिक व्यापार संघटनेबरोबरच, १ जानेवारी १९९५ रोजी, तो अमलात आला. सेवा सीमेपार जाण्याचे चार मार्ग त्यात सांगितले आहेत. पुण्यातील अभियंता संगणकावरून लंडनला आराखडा पाठवितो, तेव्हा केवळ सेवा सीमा ओलांडते. हा पहिला मार्ग. जपानी पर्यटक अजिंठा पाहावयास येऊन येथे राहतो, तेव्हा ग्राहक सीमा ओलांडतो, हा दुसरा. परदेशी बँक मुंबईत शाखा उघडते, तेव्हा भांडवल येते, हा तिसरा. आणि सेवा देणारी व्यक्ती स्वतः काही काळ परदेशी जाते, तो चौथा.

ही चारही दारे सारखी उघडत नाहीत. प्रत्येक देश आपल्या वचनसूचीत क्षेत्रवार व मार्गवार लिहून देतो की, परक्यांना कोठे प्रवेश आहे आणि स्वकीयांप्रमाणे वागणूक कोठे मिळेल. चौथे दार बहुधा सर्वांत अरुंद असते. कायमची नोकरी, कायमचे वास्तव्य आणि नागरिकत्व यांविषयीचे नियम तर गॅट्सच्या परिशिष्टानेच कराराबाहेर ठेवले आहेत.

दार उघडले तरी उंबरठा उरतोच. भारत व सिंगापूर यांच्यातील सर्वंकष आर्थिक सहकार्य करार १ ऑगस्ट २००५ रोजी लागू झाला. परिचर्येसह काही व्यवसायांतील पात्रतांना परस्परमान्यता देण्यासाठी बोलणी करण्याचे त्यात ठरले होते. परिचर्येविषयीचा परस्परमान्यता करार मात्र २०१८ साली झाला. मधल्या तेरा वर्षांत मुख्य करार अस्तित्वात होता. परंतु परिचारिकेच्या प्रमाणपत्राला त्यातून आपोआप मान्यता मिळाली नाही. कारण व्यापाराचा करार सरकारे करतात. पात्रता तपासून नोंदणी देणे हे त्या त्या देशातील व्यावसायिक परिषदेच्या हाती असते.

आपल्या विद्यार्थ्यांनी यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते. अमुक देशाशी करार झाला, आता तेथे नोकरी निश्चित, असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला तर आपण तीन प्रश्न विचारावेत : या करारात आपल्या व्यवसायाचा समावेश आहे काय? आपल्या शिक्षणसंस्थेची पदवी तेथील परिषद मानते काय? नोंदणीसाठी कोणती परीक्षा व भाषेची कोणती पातळी लागते? या प्रश्नांची उत्तरे त्या देशाच्या अधिकृत परिषदेकडूनच मिळवावीत, आणि तीही प्रवेश घेण्यापूर्वी. कारण शिक्षणाची वर्षे व पालकांनी कष्टाने जमविलेला पैसा पुन्हा मिळत नाही.