सोनखत आणि फावडे

 

माणसाच्या विष्ठेपासून तयार झालेल्या खताला आपल्या भाषेत 'सोनखत' म्हणतात. नाव सोन्याचे आहे, पण ते डोक्यावरून वाहणाऱ्याच्या पदरात सोने कधी पडले नाही. त्याला टोपली मिळाली, डबा मिळाला आणि उंबऱ्याबाहेरून टाकलेली शिळी भाकर मिळाली. म्हणून या वर्षावासात ग्रंथवाचनानंतरच्या आरोग्याच्या बोलण्यात आम्ही शौचालयाच्या खड्ड्यातल्या खताचा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ उपासिकेने तिथेच विचारले, "बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं, तेच परत हातात घ्यायला सांगताय का?"

प्रश्न रास्त आहे. तो बाजूला ठेवून खताचे फायदे सांगत बसणे आम्हाला पटत नाही. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ताजा मैला कोणीही हातात घ्यायचा नाही. आपण नाही आणि दुसऱ्या कोणत्या जातीच्या माणसानेही नाही. या पानावर आम्ही सांगतो आहोत ते पूर्ण कुजून माती झालेल्या, वास नसलेल्या खताबद्दल. ज्याच्या घरचा खड्डा त्यानेच तो उपसावा असे आमचे म्हणणे आहे. या दोन गोष्टी मान्य नसतील तर पुढचे काही करू नये.

हा फरक आमच्या मनचा नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्यातही हीच रेघ ओढलेली आहे. मानवी विष्ठा पूर्णपणे कुजण्याआधी ती हाताने काढायला, वाहायला किंवा हाताळायला लावणे म्हणजे 'मैला सफाई' असे तो कायदा म्हणतो. कुजण्याआधी आणि कुजल्यानंतर या दोन अवस्थांमध्ये कायद्याच्या दृष्टीने जेवढे अंतर आहे, तेवढेच आरोग्याच्या दृष्टीनेही आहे.

ज्याला शौचालयाचा विषय धम्माबाहेरचा वाटतो त्याने विनयपिटकातला चुल्लवग्ग पाहावा. भिक्खूंच्या शौचकुटीसाठी तथागतांनी बारीकसारीक नियम घालून दिले आहेत. बाहेर उभे असलेल्याने आधी खाकरावे, आत असलेल्याने खाकरून उत्तर द्यावे, घाण झाली असेल तर धुवावी, भांड्यातले पाणी संपले असेल तर भरून ठेवावे. त्यातला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. आधी भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचाला जात. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत, आणि रोखून धरल्याने त्यांना भोवळ येई. तेव्हा तथागतांनी सांगितले की शौचकुटीत ज्येष्ठता चालणार नाही, जो आधी येईल तो आधी जाईल. घाण धुण्याचे काम संघातल्या कोणा एका जातीकडे सोपवलेले नव्हते. ज्याला घाण दिसली त्याने ती धुवायची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी राजगृहाच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सुनीताची धम्मदीक्षा सांगितली आहे. सुनीताला 'तुझे काम पवित्र आहे, तेच करत राहा' असा उपदेश मिळाला नाही. तो संघात आला. मैला उचलण्याला सेवा म्हणून गौरवणारे आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले. त्या गौरवाने टोपली हलकी झाली नाही.

मैल्यात पिकाच्या कामाचे काय असते?

आपण खातो त्या धान्य-डाळींतले नत्र, स्फुरद आणि पालाश शरीरात थोडेच राहते. मोठ्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ सगळे बाहेर पडते. गंमत अशी की यातले बहुतेक नत्र विष्ठेत नसते, लघवीत असते. आपल्या साध्या आहारावर जगणाऱ्या माणसाच्या वर्षभराच्या लघवीत साधारण सव्वादोन किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. म्हणजे आठ-नऊ माणसांच्या वर्षाच्या लघवीत एका गोणीइतके नत्र वाहून जाते. स्फुरद आणि पालाश तर आपला देश बहुतांशी परदेशातून विकत घेतो, आणि इकडे तेच नाल्यात सोडतो.

जपानात दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी एदो शहराच्या (आजच्या टोकियोच्या) आसपासचे शेतकरी घरोघरचा मैला विकत नेत आणि बदल्यात पैसे किंवा भाजीपाला देत. भाडेकरूंच्या मैल्यावर घरमालक आपला हक्क सांगत, कारण त्याचे पैसे येत. आपल्याकडेही खत शेतात जात होते. इंग्रजांच्या काळात शहरातला मैला आणि कचरा चरांत थरावर थर टाकून कुजवण्याची 'बंगलोर पद्धत' निघाली आणि पुष्कळ नगरपालिकांनी ती उचलली. खताला किंमत होती. ते वाहणाऱ्या माणसाला मात्र इथल्या जातिव्यवस्थेने किंमत दिली नाही. त्यामुळे दोष खताचा आहे असे आम्ही मानत नाही.

रोग कुठून येतो?

ताज्या मैल्यात हगवण, कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू असतात. ते त्या मानाने लवकर मरतात. खरा चिवट असतो तो जंत. पोटातल्या गोल जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओलसर मातीत ती महिनोन् महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जिवंत राहतात. न धुतलेल्या हातातून, मुळा-गाजर-कोथिंबिरीतून ती पुन्हा पोटात जातात. दुसरा आकड्यासारख्या तोंडाचा जंत. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. आपल्या वस्तीत थकवा, धाप, फिके पडलेले डोळे घेऊन काम करणाऱ्या कितीतरी आयाबहिणी आहेत. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नसेल तर जंताचाही विचार डॉक्टरांना विचारून करावा. अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देतात, ती मुलांना चुकवू नका.

म्हणून कच्चा मैला किंवा सेप्टिक टाकीतला पातळ गाळ थेट शेतात ओतणे हा गुन्हा समजावा. गावाकडे काही टँकरवाले शेतकऱ्याला 'फुकट खत' म्हणून हा गाळ टाकून देतात. ते खत नव्हे. त्या वावरात निंदायला अनवाणी उतरणारी मजूर बाई बहुधा आपलीच असते.

दोन खड्ड्यांची युक्ती

मैल्याचे खत करायला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय म्हणजे हा वेळ मिळवण्याची सोय. तिरक्या भांड्यातून दोन लिटरच्या आसपास पाण्यात मैला खाली जातो आणि एका छोट्या चेंबरमध्ये येतो. तिथून इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात. एका वेळी एकच फाटा उघडा असतो, दुसरा वीट आणि गाऱ्याने बंद. खड्डे साधारण मीटरभर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल असतात. त्यांच्या विटा जाळीसारख्या फटी ठेवून रचतात आणि तळ कच्चा ठेवतात, म्हणजे पाणी आणि वायू जमिनीत जिरतात. या रचनेत वर वायूचा पाइप लागत नाही. गवंड्याने तो लावला असेल तर त्याच्या डोक्यात सेप्टिक टाकी होती असे समजावे.

पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा तीन ते पाच वर्षांत भरतो. मग फाटा बदलायचा आणि भरलेला खड्डा झाकून विसरून जायचे. वर्षभराने खत तयार होते असे सरकारी पत्रकात लिहिलेले असते. आम्ही म्हणतो, दोन पावसाळे जाऊ द्या. दुसरा खड्डा भरायला तेवढा वेळ असतोच, मग घाई कशाला? जंताची अंडी घाईनेच हातात येतात.

उघडायचे ते उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. झाकण काढून तासभर दूर राहावे. आतला माल काळपट, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचा असेल तर तो झाला. चिकट, ओला किंवा वास मारणारा असेल तर झाकण परत ठेवावे आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी. उपसताना फावडे, हातमोजे, बूट, आणि नंतर साबणाने अंघोळ. हे खत उन्हात पसरून मग आंबा, शेवगा, पपई, केळी यांच्या आळ्यात घालावे किंवा पावसाआधी नांगरटीत मिसळावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला आणि कंदाला घालू नये. या खताकडून युरियासारख्या जोराची अपेक्षाही ठेवू नका. नत्राचा मोठा भाग लघवीबरोबर जमिनीत जिरून गेलेला असतो. राहतो तो मातीला भुसभुशीत ठेवणारा, ओल धरणारा भाग आणि थोडे स्फुरद. हलक्या, बरड जमिनीला तेवढेही पुष्कळ आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव परमेश्वरन अय्यर आणि इतर अधिकाऱ्यांनी असा तयार खड्डा स्वतः उतरून उपसला. त्याचे फोटो छापून आले. चांगलेच झाले. पण आम्हाला त्या दिवसाची वाट आहे, जेव्हा गावातला पाटील आपल्या वाड्यामागचा खड्डा स्वतः उपसेल आणि त्याचा फोटो कोणी काढणार नाही, कारण त्यात विशेष काही नसेल. तोपर्यंत गावाकडच्या आपल्या भावांना एवढेच सांगणे: स्वतःच्या घरचा खड्डा लाज न बाळगता उपसा. दुसऱ्याच्या दारी 'तुमच्या माणसाला पाठवा' म्हणून निरोप आला तर फावडे त्यालाच द्या.

वस्तीत काय?

इथे अडचण आहे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन खड्डे कुठून आणायचे? शिवाय शोषखड्ड्यापासून विहीर, हातपंप किंवा बोअर निदान ५० फूट लांब हवा, आणि पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळापासून बरीच खाली हवी. दाट वस्तीत आणि उंच पाण्याच्या जागी हे जमत नाही. जमत नसेल तिथे हट्ट करू नये. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, तिथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो.

वस्तीत मग राहते सेप्टिक टाकी आणि सार्वजनिक शौचालय. टाकी दर दोन-तीन वर्षांनी टँकरने ओढून घ्यावी आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रावर जावा. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ पासून असे केंद्र आहे. तिथे गाळ वाळवून, कचऱ्याबरोबर कुजवून त्याचे खत शेतकऱ्यांना दिले गेले. आपल्याकडे वाई आणि सिन्नर इथे टाकी तुंबण्याची वाट न पाहता ठरलेल्या क्रमाने भाग-भाग करून टाक्या उपसायची पद्धत बसवली गेली. आपल्या नगरसेवकाला हे उदाहरण देऊन विचारता येते की आपल्या वॉर्डातला टँकर गाळ कुठे रिकामा करतो?

आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. कितीही पैसे देऊ केले तरी नाही. आत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून 'वास नाही, उतर' हे बोलणे जीवघेणे आहे. काडी पेटवून पाहणेही तसेच, कारण आत पेट घेणारा मिथेन असतो. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो आणि एका घरातून दोन प्रेते निघतात. बाहेरून दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा. २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय माणूस आत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले आहे. आधी ही रक्कम १० लाख होती. 'आपसात मिटवा' म्हणणाऱ्या कंत्राटदाराच्या हातून पंचवीस-तीस हजार घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आधी पोलिसात नोंद करा. गटार-टाकीच्या तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

ज्यांचे गावाकडे घर आहे त्यांनी पुढच्या खेपेला एक काम करावे. सरकारी अनुदानाचे शौचालय असेल तर त्या छोट्या चेंबरचे झाकण उचलून पाहावे. दोन्ही फाटे उघडे असतील तर दोन्ही खड्डे एकदम भरत आहेत आणि एकालाही विश्रांती नाही. एका फाट्याच्या तोंडाशी वीट ठेवून गारा लिंपून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. दुसरा खड्डा नुसता कागदावरच असेल, तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.