पैसा जाताना दिसला पाहिजे

चि. सोनूस,


ताईशी काल बोलणं झालं. पगार बरा आहे, पण वीस तारीख उलटली की तुझी ओढाताण होते आणि पैसे गेले कुठे ते तुलाच सांगता येत नाही, असं ती म्हणाली. तू उधळ्या नाहीस हे मला माहीत आहे. तुझे पैसे जातात, पण जाताना तुला दिसत नाहीत. आमच्या वेळी पाचशेची नोट मोडायला जीव धजत नसे, कारण मोडलेली नोट टिकत नाही हे ठाऊक होतं. २०१६ साली यूपीआय आलं आणि ती नोट मोडण्याची घडीच नाहीशी झाली. सोय मोठी आहे, मीही वापरते. फक्त पैसा डोळ्यांसमोर राहील अशी तजवीज आता आपली आपण करावी लागते.

म्हणून दोन खाती ठेव. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नकोस. पगार झाला की त्याच दिवशी खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी पाठवायचे ते आणि आरडीचा हप्ता त्यातून वळता कर. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी फक्त त्या आठवड्याचा वरखर्च टाक आणि फोनवरचं सगळं त्यातूनच दे. महिन्याभराचे एकदम टाकलेस तर पहिला आठवडा चैनीत जाईल आणि शेवटचा उसनवारीत. गुरुवारी शिल्लक कमी दिसली, की शनिवारी बाहेर जेवायचं की नाही याचा निर्णय घ्यायला कुणी सांगावं लागणार नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च वहीत लिही. ॲपमध्ये नोंद असते, मान्य. पण तिथे नाव आणि रक्कम एवढंच असतं. वहीत पुढे कारणही लिही: भूक होती, कंटाळा आला होता, मित्रांसमोर नाही म्हणवलं नाही. महिनाअखेरीला ती कारणं वाचलीस तर कोणता खर्च तुला खरोखर हवा होता ते कळेल.

आता क्रेडिट कार्डाविषयी, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. तेवढी भरली म्हणजे बिल भागलं, असं तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना वाटतं. हिशेब करून बघ. वीस हजारांच्या बिलापैकी हजार भरलेस आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं, तर उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याला ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाचा दर ४२ टक्के झाला. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. एवढं व्याज देणारी एकही ठेव मला माहीत नाही. तेव्हा कार्ड वापरायचं तर बिल मुदतीच्या आत पूर्ण भरायचं; ते जमत नसेल तोपर्यंत कार्ड कपाटात राहू दे. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर फोन घेण्याआधीही प्रोसेसिंग फी किती, व्याजावरचा जीएसटी कोण भरणार आणि रोख घेतला तर किती सूट मिळेल, हे तीन प्रश्न दुकानात विचार.

किराण्याचं फार सांगत नाही. यादी करून जा, पोट भरलेलं असताना जा. पाकिटावर छापील किमतीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर असतो, तो वाच. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही.

यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग आहे, तो आज उघड. फुकट महिन्यासाठी घेतलेली आणि नंतर विसरलेली वर्गणी तिथे सापडते. जे महिनाभरात पाहिलं नाहीस ते बंद कर. हवंसं वाटलं तर पुन्हा सुरू करता येतं.

आणि एक. काटकसर करायला लागलास की हात जिथे आखडू नये तिथेही आखडतो. दूध, फळं, डॉक्टर, घरी येण्याचं तिकीट आणि पुस्तकं यांत कपात करू नकोस. आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर त्यात काय काय बसतं ते एचआरला विचारून घे. आरडीच्या जोडीने तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हळूहळू वेगळी साठव. नोकरी सुटली किंवा घरी कुणी आजारी पडलं तर कार्डाकडे बघावं लागणार नाही. ती साठली की पीपीएफचं बघू. पंधरा वर्षांची मुदत असते, त्यामुळे आधी हाताशी पैसे हवेत.

दुसरं खातं या आठवड्यातच उघड. कोणत्या बँकेत ते ठरवताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचार आणि मला कळव.

तुझी,
मावशी