ऊन, पुडी आणि पंप

१. लोणखेड्यात उन्हाचा तुटवडा, असं कुणी म्हटलं तर गोमाईकाठची पोरंही हसतील. पण माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व १४ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. सकाळी नऊ ते रात्री नऊ मी दुकानाच्या गल्ल्यावर. बाहेर पडलो की तोंडाला रुमाल, अंगात लांब बाह्या. ऊन गावावर पडत होतं, माझ्या कातडीवर नाही.

२. ड जीवनसत्त्वाची पुडी म्हणजे दम्याचा पंप नव्हे. हे शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून सुरू झाली आणि मी परस्पर माझ्या दम्याचा रोजचा पंप बंद केला. ‘पंपाची सवय लागते,’ हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने सांगितलेलं. खिशात फक्त निळा ठेवला. दोन महिन्यांत आकडा ३० च्या वर गेला, आणि पहाटे चारची घरघरही वाढली. निळा पंप आवळलेली श्वासनळी तात्पुरती सैल करतो. आतली सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप. नेमका तोच मी माळ्यावर टाकला होता.

३. शहाद्याच्या डॉक्टरांनी रागावण्याआधी एक हकिगत सांगितली. अमेरिकेत ड जीवनसत्त्व कमी असलेल्या ४०८ प्रौढ दमेकऱ्यांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ साली आले. काहींना आधी एक लाख युनिट, मग रोज ४,०००, असं २८ आठवडे. बाकीच्यांना खोटी गोळी. दमा बिघडण्यात म्हणावा असा फरक नाही. २०१६ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने अटॅक कमी होतात अशी आशा दाखवली; २०२३ मध्ये जास्त चाचण्या जमेस धरल्यावर तीही मावळली. मला वाटतं, दम लागणारा माणूस मुळात बाहेर कमी फिरतो. मग ड कमी म्हणून दमा वाढतो, की दम्यामुळे ऊन कमी मिळतं म्हणून ड कमी?

४. पुडी हाडांसाठी घ्यावी, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास.

५. दमा चेतवणाऱ्या गोष्टीही टाळायच्या. दसऱ्यानंतर नंदुरबारला मिरची वाळत घातलेल्या पथारींकडून जायचं नाही. शेजारी उसाचं पाचट पेटलं की खिडक्या बंद. भांडून उपयोग नाही, मी भांडून पाहिलंय.

६. माय अजून रोज सकाळी सातला ओट्यावर खाट ओढते. “ऊन खा जरा.” त्या कोवळ्या उन्हात ड फारसं बनत नाही, दुपारचं लागतं, हे तिला सांगून झालं. पुन्हा सुरू केलेला रोजचा पंप ओढतो, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरतो, चूळ भरतो आणि जाऊन बसतो.