उंदराचा हिशेब

पहूर पेठेत आमचं भुसाराचं दुकान. ज्वारी, मका, मूग-उडीद. धान्य आलं की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे मांजर, त्यामुळे मांजर ही आमच्याकडे हौस कधीच नव्हती, गोदामाची गरज होती. गेल्या काही वर्षांत पोरांनी मांजरं घरात घेतली, ऑपरेशन करून आणली, सोफ्यावर झोपायला शिकवली. मग मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की मांजराला खरं तर कच्चं मांसच द्यायला हवं. मीही बराच काळ ते दिलं. आता कच्चं देत नाही, पण देतो ते घरी केलेलं मांसच. जामनेर-शेंदुर्णीकडची मंडळी विचारत असतात, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतो.

१. आजीचं मांजर दूध-पोळीवर जगत नव्हतं.

आजी सकाळी ओसरीवर वाटीत दूध-पोळी कुस्करून ठेवायची आणि मांजर गुटगुटीत असायचं. त्यावरून घरोघरी समज झाला की मांजर दुधावर पोसतं. ती वाटी वरकड होती. पोट गोदामात भरत होतं. शिकारीवर जगणारं मांजर दिवसाला आठ-दहा उंदीर सहज खातं, आणि अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाड, कलेजी, हृदय, रक्त, आतडी, शिवाय निम्म्याहून जास्त पाणी. मांजर मुळात वाळवंटी प्राण्याचं वंशज, पाणी पिण्याची त्याला फारशी हौस नाही. ते पाणी शिकारीतूनच मिळवतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना तर दूध पचतही नाही, हगवण लागते.

घरात ठेवलेल्या मांजराचा उंदीर आपण बंद केला की उंदरात जे होतं ते सगळं आपल्यालाच वाटीत घालावं लागतं. पुढचं सगळं याच हिशेबातून निघतं. आणि उंदीर परत सुरू करावा म्हणाल तर तेही आता सोपं नाही. दुकानांत, शेतांत झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या आणि ब्रोमॅडिओलोनच्या वड्या पडलेल्या असतात. विष खाल्लेला उंदीर मंद होतो, तोच मांजराच्या तावडीत आधी सापडतो.

२. नुसतं मांस म्हणजे उपासमार.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही लाड करणाऱ्यांच्या हातून. बिनहाडाचं मांस म्हणजे राजेशाही खाणं असं वाटतं. पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. दोघांचं प्रमाण एकास पंधरा-वीस इतकं व्यस्त. मांजराला ते साधारण बरोबरीचं लागतं, कॅल्शियम किंचित वर. अन्नातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत दिसू लागतं: पिल्लू उडी मारेनासं होतं, पाय वाकडे पडतात, ओट्यावरून खाली उतरताना हाड मोडतं. मालक म्हणतो, पडलं बिचारं. पडल्यामुळे मोडलं हे अर्धंच खरं असतं.

अंड्याची टरफलं हा आपल्याकडचा सोपा उपाय. धुवायची, तव्यावर खरपूस कोरडी करायची, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची. एक किलो बिनहाडाच्या मांसाला सपाट चहाचा चमचाभर पूड, म्हणजे अंदाजे दोन ग्रॅम कॅल्शियम. पूड कणीदार राहिली तर मांजर बरोबर वेगळी काढतं. परदेशात कच्चं खाऊ घालणारे कोंबडीच्या माना हाडासकट दळून घालतात. घरच्या मिक्सरमध्ये ते होत नाही, आणि हाड जास्त झालं तर मांजराची शी खडूसारखी पांढरी, कडक होऊन बद्धकोष्ठ होतं. शिजवलेलं हाड तर अजिबात नको. ते अणकुचीदार फुटतं.

३. टॉरिन माहीत नसेल तर घरचं खाणं सुरू करू नका.

टॉरिन हा अमिनो आम्लाच्या जातीचा पदार्थ. माणूस, कुत्रा तो शरीरात बऱ्यापैकी तयार करतात. मांजराला तो अन्नातूनच लागतो. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन नसलेल्या खाण्यावर मांजराचं दृष्टिपटल झिजतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली: हृदय फुगून ढिलं पडलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदयं सुधारली. ती मांजरं रस्त्यावरची नव्हती, विकतचं तयार अन्न खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते डॉ. पोटेंजरचा दाखला देतात. त्याने १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात शेकडो मांजरं पाळून पाहिली. कच्चं मांस आणि कच्चं दूध खाणारी धडधाकट राहिली. शिजवलेलं मांस खाणाऱ्यांची पिल्लं पिढीगणिक खुरटत गेली. निष्कर्ष झटपट निघाला: शिजवणं वाईट. पण मांजराला टॉरिन लागतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. टॉरिन पाण्यात उतरतं; मांस उकळून पाणी ओतून दिलं की बरंचसं मोरीत जातं. उष्णतेने मांसातलं दुसरंही काही कमी होतंच, पण दोष सगळा विस्तवाचा नव्हता, हे आज बहुतेक पशुवैद्य मानतात.

चिकनच्या दुकानात म्हणूनच ब्रेस्टकडे बघू नका. लेगपीसच्या गडद मांसात टॉरिन त्याच्या कितीतरी पट असतं आणि हृदयात त्याहून जास्त. आमचा चिकनवाला हृदयं बाजूला काढून ठेवतो. पहिल्यांदा मागितली तेव्हा त्याने हसून विचारलं, ‘काहून भो, मांजरीले दिल लागते का?’ लागतं. वरून टॉरिनची पूडही घालतो, कारण जास्त झालं तर ते लघवीवाटे निघून जातं आणि कमी झालं तर उशिरा कळतं.

४. कलेजी मोजून.

मांजराला गाजरातून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते प्राण्यातूनच घ्यावं लागतं. म्हणून कलेजी हवी. पण शंभर ग्रॅम मांसामागे पाचेक ग्रॅम. रोज वाटीभर कलेजी वर्षानुवर्षं खाणाऱ्या मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटून मान वळेनाशी होते. कलेजी स्वस्त मिळते आणि मांजर तिच्यावर तुटून पडतं, म्हणूनच ही सावधगिरी.

५. पुस्तकं थंड देशात लिहिली गेली आहेत.

कच्च्या मांसाची सगळी शिस्त शीतसाखळीवर उभी आहे: कत्तलखान्यापासून घरच्या डीप फ्रीजरपर्यंत मांस गार. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि वीज नेमकी दुपारी जाते. आपल्या डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी ताजी असते हे खरं, पण ज्या ओंडक्यावर ती कापली तो ओंडका ताजा नसतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे कोंबडीच्या आतड्यातून मांसावर येतात. धडधाकट मांजर त्यातलं बरंच पचवतं. घरातलं लहान मूल किंवा म्हातारं माणूस पचवेलच असं नाही. आणि गोठवल्याने जंतू मरतात हा समज काढून टाका. ते झोपतात. वीज जाऊन मांस सुटलं की उठतात.

सकाळची पहिली कोंबडी घ्यावी, ओंडका धुवायला लावावा, मांजराचा चाकू-पाट वेगळा ठेवावा. उन्हाळ्यात वाटी वीस मिनिटांत उचलावी. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधोमध वाटी.

६. कच्चं का बंद केलं.

बर्ड फ्लूची भारतातली पहिली साथ आपल्या खानदेशातली. फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही तो सापडला. तेव्हा सगळा घोर माणसाचा आणि कोंबडीचा होता, मांजराचा विचार कुणाच्या मनात आला नाही. खरं तर थायलंडमध्ये २००४ सालीच श्रीराचाच्या प्राणिसंग्रहालयात दीडशेच्या आसपास वाघ या विषाणूने मेले किंवा मारावे लागले, आणि त्यांना कच्ची कोंबडी खायला घातली जात होती.

मग डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, असल्याचं सांगितलं. संशय खाद्यावर, म्हणजे कोंबडीवरही होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये घराबाहेर कधी न गेलेलं एक मांजर मेलं, आणि त्याच्या शरीरातला विषाणू त्याच्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या पाकिटातल्या विषाणूशी जुळला. २०२५ च्या सुरुवातीला छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तो सापडला आणि तिथली चिकनची दुकानं बंद ठेवावी लागली. छिंदवाडा नागपूरला लागूनच आहे, आणि कोंबड्यांचे ट्रक जिल्ह्याच्या सीमा पाळत नाहीत.

हा विषाणू गोठवून मरत नाही. आतपर्यंत सत्तर अंशांवर तापवला की मरतो. कच्च्याचे जे काही फायदे असतील ते मोजले आणि या एका वाक्यापुढे ते मला कमी वाटले.

७. इडलीपात्र.

मांसाचे बारीक तुकडे वाटीत भरायचे, इडलीपात्रात ठेवायचे, दहा-बारा मिनिटं वाफ. आतला तुकडा गुलाबी राहिलेला नाही हे मोडून बघायचं. वाटीत सुटलेलं पाणी म्हणजेच आपलं टॉरिन. ते त्याच खाण्यात कालवायचं. गार झाल्यावर टरफलाची पूड, टॉरिन आणि डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वांची पूड घालायची. चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर पुरतं, तेही तीन-चार वेळा थोडं थोडं.

८. मासे.

वाघूर धरणातले रोहू-कटला कच्चे देऊ नका. या कुळातल्या माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. रोजच्या कच्च्या माशाने मांजराची मान खाली लोंबायला लागते, झटके येतात. शिजवल्यावर ते द्रव्य नाहीसं होतं. बाजारातला सुका बोंबील खारट असतो, तो जिभेपुरताच.

९. सून गरोदर राहिली की मांजर बाहेर काढायचं कारण नाही.

टॉक्सोप्लाझ्माची भीती खोटी नाही, तिचा पत्ता मात्र चुकतो. हा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो, पण सहसा पहिल्यांदा लागण झाली की दोन-तीन आठवडेच तो विष्ठेतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्गाजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजराला तो उंदरातून किंवा कच्च्या मांसातून मिळतो. मांस शिजवलेलं, मांजर घरात, मातीचा डबा रोज दुसऱ्या कुणीतरी साफ केलेला, एवढं सांभाळलं तर भीती फार उरत नाही. न धुतलेली कोथिंबीर आणि कच्चा खिमा हाताळणं यांकडे मात्र घरात कुणी बघत नाही.

१०. उपाशी ठेवून सवय लावू नका.

‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला चालतं. मांजर, त्यातून जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून ते निकामी होऊ शकतं. बिस्किटासारख्या कोरड्या खाण्यावरून उतरवायचं असेल तर जुन्यात चिमूटभर नवं, आणि महिना गेला तरी चालेल.

११. कांदा-लसूण.

खानदेशी रश्श्यातला मटणाचा तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

१२. मोबाइलवरची पाककृती.

अमेरिकेत २०१९ साली पशुवैद्यांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, मांजरांसाठीच्या शंभराहून जास्त घरगुती पाककृती तपासल्या. सगळे पोषक घटक पुरवणारी एकही निघाली नाही. त्यातल्या काही पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. वर मी लिहिलं तेही अपुरंच आहे. जस्त, आयोडीन, मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्व यांचा हिशेब त्यात नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तरी वजन आणि खाण्याची यादी लिहून नेली तर डॉक्टर बसून बघतात. वर्षातून एकदा जळगावला नेऊन रक्त तपासावं. पोटातल्या जंतांचं औषध तीन महिन्यांनी. बोका लघवीला बसून नुसता कुंथत असेल तर खाण्यात काय बदलावं याचा विचार करत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

१३. शाकाहारी घरातलं मांजर.

आमचं घर माळकरी. आई विचारायची, सोयाबीन उकडून चालणार नाही का? कुत्रं कदाचित निभावेल, मांजर नाही. टॉरिन, अ जीवनसत्त्व, ॲरॅकिडोनिक आम्ल यातलं काहीच वनस्पतीतून त्याला पुरेसं मिळत नाही. ज्यांना घरात मांस आणणं नकोच त्यांनी कुत्र्याचं नव्हे, मांजराचं म्हणून लिहिलेलं संपूर्ण तयार अन्न आणावं, ओलं मिळालं तर उत्तम. त्यात कमीपणा काही नाही. घरच्या अर्धवट खाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आईने शेवटी परसातल्या चुलीपुरती परवानगी दिली, नव्या इडलीपात्राच्या अटीवर. जुनं तिने उचलून माळ्यावर टाकलंय आणि पाहुणे आले की त्याचं कारण मलाच सांगायला लावते.