बाटलीवरची चिठ्ठी

गाय माजावर आली की पूर्वी काय करत? दावं धरून वळू असेल त्या गावी चालत जात. वळू चांगला असो, वाईट असो. जवळ असेल तो आपला. आता डॉक्टर फटफटीवरून येतात. त्यांच्याजवळ एक कॅन असतो. झाकण काढलं की पांढरी वाफ निघते. आत बारीक कांड्या असतात. कांडीत वळूचं गोठवलेलं वीर्य असतं. तो वळू शंभर कोसांवर असेल. कदाचित मेलेलाही असेल!

हे ज्यांच्या कामामुळे जमलं, त्यांतले एक म्हणजे ख्रिस्तोफर पोल्ज. जन्म १९२६, इंग्लंडात. शेतकीचं शिक्षण घेऊन ते लंडनमधल्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत लागले. तिथे ऑड्री स्मिथ या विदुषी आणि ॲलन पार्क्स हे त्यांचे वरिष्ठ होते.

त्या काळी वीर्य थंड ठेवलं तर थोडेच दिवस टिके. गोठवलं तर त्यातले शुक्रजंतू मरत. का मरत? मिठागर आठवा. उन्हानं पाणी उडतं, मागे खारट पाणी दाटत जातं. गोठताना तसंच होतं. पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या थेंबभर पाण्यात क्षार दाटतात. त्या खारात बिचारे शुक्रजंतू कसे जगणार?

पोल्ज आणि स्मिथ यांनी फळातली साखर घालून पाहिली. कोंबड्याचं वीर्य घेतलं होतं. उपयोग झाला नाही. काही महिन्यांनी त्यांनी थंड कपाटातली तीच जुनी बाटली काढली आणि पुन्हा प्रयोग केला. गोठवलेले शुक्रजंतू वितळताच हालू लागले! आनंद झाला. साखरेचं ताजं पाणी करून पुन्हा पाहिलं. सगळे मेले. जुन्या बाटलीनं जगतात, नव्या बाटलीनं मरतात. हे काय गौडबंगाल?

आमच्या शाळेच्या कपाटातल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्याही पावसाळ्यात गळून पडत. आम्ही त्या बाटल्या मोरीत ओतून मोकळे होत असू. आता वाटतं, बरं नाही केलं. या मंडळींनी तसं केलं नाही. बाटलीच्या तळाशी राहिलेलं थोडं पाणी जपून रसायन जाणणाऱ्याकडे तपासायला दिलं. त्यात साखर मुळीच नव्हती! होतं ग्लिसरीन, आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातला पदार्थ. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरीन म्हणजे ओठ फुटले की लावतो तेच. ते असलं की सगळ्या पाण्याचा बर्फ होत नाही, खार फार दाटत नाही. १९४९ साली हे छापून आलं.

लोक म्हणतात, नशीब. आम्हांला ते अर्धंच खरं वाटतं. पुढचं काम नशिबाचं नव्हतं. कोंबडीच्या पोटात ग्लिसरीन गेलं तर अंडी फळत नाहीत. म्हणून ते आधी काढून टाकावं लागलं. वळूच्या वीर्याला ते चाललं. उणे ७९ अंशांवर गोठवलेल्या वीर्यानं गाई गाभण राहू लागल्या. पाणी शून्य अंशावर गोठतं, हे ध्यानात घ्या. डुकराचं वीर्य मात्र फार हट्टी निघालं. केंब्रिजला पोल्ज त्याच्यामागे वर्षानुवर्षे होते. त्यांचे शिष्य इयान विल्मट यांनी १९९६ साली डॉली मेंढी जन्माला घालणाऱ्या मंडळींचं नेतृत्व केलं. पोल्ज २००६ साली वारले.

आपल्याकडे पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली संस्था काढली. तिनं गोठवलेलं वीर्य खेडोपाडी नेलं. आता कांड्या द्रवरूप नत्रवायूत, उणे १९६ अंशांवर ठेवतात.

त्या कांडीवरही चिठ्ठीसारखं छापलेलं असतं: वळूचा नंबर, जात, तारीख. पुष्कळ ठिकाणी ते इंग्रजीत असतं. घरच्या शाळकरी पोराला बोलवा, डॉक्टरांना विचारा. "डॉक्टर, वळू कोणता? नंबर सांगा," असं म्हणायला लाजू नका. भरवल्याची तारीख आणि नंबर वहीत उतरवा. पुढे तिची कालवड मोठी होऊन माजावर येईल. तिला तिच्याच बापाच्या वीर्यानं भरवणं चांगलं नाही. त्या दिवशी ही वही लागेल.