भुशाला पाणी दाखवू नकोस

अरे, पेलेटची शेगडी घेतलीस ते बरं केलंस. ऑरेगनात राहून ती नसणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला नाही म्हणणं. ती मूळची इथलीच. माउंट एंजलच्या जो ट्रेगरने 1985 च्या सुमारास बनवली आणि पुढे तिचं पेटंट घेतलं. शेगडी कुठली चांगली ते दुकानदाराला विचार. मी इंधनाचं सांगतो, कारण रुसते ती त्याच्यावरून.

पेलेट म्हणजे भुशाच्या कांड्या. सोऱ्यातून शेव पाडतो ना, तसा लाकडाचा बारीक भुसा पोलादी चकतीच्या भोकांतून प्रचंड दाबाने काढतात. दाबाने तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार झाल्यावर तेच डिंकासारखं धरून ठेवतं. म्हणून चांगल्या कांडीला चकाकी असते आणि ती पापडासारखी कट्कन मोडते. वाकली, चुरली, तर पिशवी परत कर. दोन-चार कांड्या पाण्यात टाकून बघ. फुगून पुन्हा भुसा झाला पाहिजे.

हीच गंमत शेगडीत झाली की रडशील. एका ऑक्टोबरात मी कांड्यांची टाकी भरलेली ठेवून झाकण नीट लावलं नाही. इथला पाऊस तुला ठाऊक आहे. आठवड्याने बघतो तर कांड्या पुढे सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये सिमेंट. स्क्रूड्रायव्हरने कोरत दोन संध्याकाळी बसलो, तुझी काकू आतून हसत होती. तेव्हापासून काम झालं की टाकी रिकामी करतो आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ओततो. बेगमीचे पापड जपतो तसंच.

घरी पेलेट पाडायचं खूळ डोक्यात घेऊ नकोस. भुसा ओला असला तर कांडी फुटते, फार कोरडा असला तर चकतीत अडकून बसतो. शिवाय गॅरेजमधल्या भुशात प्लायवूड, रंग, वाळवीचं औषध काय काय असतं. ते जाळून त्यावर कोंबडी भाजायची? घर गरम करायला विकतात ती पेलेटंही या शेगडीत घालू नकोस. ती बहुधा फरसारख्या चिकाच्या लाकडांची असतात.

पिशवीवर मोठ्या अक्षरात 'चेरी' किंवा 'ॲपल' लिहिलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाच. बऱ्याचदा आत बहुतेक ओक किंवा ऑल्डर असतं आणि चेरी नावापुरती. इकडचे लोक सामन माशाला ऑल्डर वापरतात. मी सुरमईलाही तेच लावतो. हिकरी डुकराच्या मांसाला शोभते, माशाला नाही. धूर हवा असेल तर आच 225 फॅरनहाइटच्या आसपास ठेव, वाढवलीस की कांड्या स्वच्छ जळतात आणि धूर उरत नाही. पांढरा दाट धूर दिसला तर थांब, त्याने पदार्थ कडू होतो. जेमतेम दिसणारा निळसर धूर चांगला. वांग्याचं भरीत मात्र हिच्यावर पुरतं होत नाही, साल करपत नाही. धूर देऊन झाल्यावर शेवटी गॅसच्या ज्वाळेवर धर.

पेटवताना झाकण उघडं ठेव, शेगडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर. विस्तव विझला म्हणून वरून मूठभर कांड्या ओतून पुन्हा चालू करू नकोस, भडका उडतो. बंद करताना प्लग ओढायचा नाही. तिची बंद करायची कळ दाब, पंखा उरलेलं जाळून टाकेल, नाहीतर आग स्क्रूमधून टाकीकडे चढू शकते. राख रोज थोडीच पडते, पण चार-पाच वेळा वापरलीस की कांड्या जळतात त्या भांड्यातली काढ, पूर्ण गार झाल्यावरच. आणि पाऊस आला म्हणून शेगडी गॅरेजात ढकलून पेटवू नकोस. धुराबरोबर निघणारा विषारी वायू दिसतही नाही, त्याला वासही येत नाही.

शनिवारी येशील तेव्हा तुझ्या पिशवीतल्या मूठभर कांड्या खिशात घालून आण. मोडून बघू.