समुद्राने सोडलेले शहर
(चौल-रेवदंड्याच्या सहलीवरून)

आमच्या शाळेतील बहुतेक मुले बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील. कालव्याचे पाणी, उसाचा फड, भीमेचा काठ आणि दुष्काळाच्या आठवणी यांचा परिचय त्यांना करून द्यावा लागत नाही. पण घाट उतरून समुद्र पाहिलेली मुले वर्गात विचारली, तर चार-पाचच हात वर होतात. म्हणून यंदाच्या सहलीसाठी आम्ही रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंडा हे स्थळ निवडले. त्यावर कित्येक पालकांनी विचारले, "चौलास पाहण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हांस तेथे गेल्यावर जसे मिळाले, तसे ते या लेखात देण्याचा विचार आहे.

पहाटे बारामतीहून निघालो, पुण्यावरून बोरघाट उतरलो आणि पेण, अलिबाग करीत दुपारी चौलास पोहोचलो. अलिबागेच्या दक्षिणेस सुमारे सोळा-सतरा किलोमीटरांवर हे गाव आहे. त्याला लागूनच समुद्रकाठी रेवदंडा वसलेला असून, तेथे कुंडलिका नदी सागरास मिळते. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर थेट पाण्यात शिरलेला दिसतो. नकाशा काढून पाहिला म्हणजे लक्षात येते की, डोंगराच्या आडोशाने वाऱ्यापासून रक्षण करणारी आणि नदीवाटे देशाच्या आत शिरू देणारी अशी ही जागा आहे. बंदरास याहून अधिक काय हवे?

म्हणूनच हे बंदर फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पश्चिम किनाऱ्यावरील 'सेमुल्ला' नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. ती पेठ म्हणजे चौल असे विद्वान मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' येथील दात्यांची नावे आहेत. पुढे अरब प्रवासी या गावास 'सैमूर' म्हणू लागले. त्यांपैकी अल्-मसूदी हा दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. त्या वेळी या किनाऱ्यावर शिलाहार राजांचे राज्य होते. मुलांनो, हजार वर्षांपूर्वी आपल्या कोकणातील एका गावात इतक्या देशांची माणसे शेजारी शेजारी राहत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

याच बंदरात १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला. त्याचे नाव अफानासी निकितीन. वास्को द गामा कालिकतास येण्यास अद्याप जवळजवळ तीस वर्षे अवकाश होता. वाटेत लुटारूंनी निकितीनचा माल नेला होता आणि त्याची पुस्तकेही नेली होती, त्यामुळे सणावारांचा हिशोब चुकत गेला याची खंत त्याला अखेरपर्यंत राहिली. हुर्मुझहून त्याने एक घोडा बरोबर आणला होता. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसल्याने येथे त्यांना मोठी किंमत येई. चौलहून घाट चढून तो जुन्नरास पोहोचला. ते आपल्याच जिल्ह्यातील जुन्नर होय. तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि बजावले की, धर्म बदलशील तर घोडा मिळेल, वर हजार मोहरा मिळतील. न बदलशील तर घोडाही जाईल आणि हजार मोहरांचा दंडही बसेल. मुदत चार दिवसांची. निकितीन ख्रिस्ती होता. तो डगमगला नाही, पण त्याच्या हाती काही उपायही नव्हता. त्या वेळी खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने खानाकडे रदबदली करून त्याचा धर्म व घोडा दोन्ही वाचविले. परक्याचा धर्म परक्याकडून वाचला! निकितीन आपल्या गावी पोहोचण्यापूर्वीच वाटेत मरण पावला. परंतु त्याची वही पोहोचली. म्हणूनच आज आपण ही हकीकत वाचू शकतो. रेवदंड्यातील एका विद्यालयाच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. वहीचे हे महत्त्व विसरू नका. लेखाच्या शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

पुढचा इतिहास आरमारांचा आहे. १५०८ साली चौलच्या बंदरात इजिप्त व गुजरात यांच्या गलबतांनी पोर्तुगीजांशी लढाई केली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तीत पडला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधण्यास प्रारंभ केला. १५७०-७१ साली निजामशाही फौजेने त्यास वेढा घातला, पण कोट हाती आला नाही. शेवटी १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आली.

एवढा इतिहास ऐकवून आम्ही मुलांना कोटात नेले. तट पुष्कळ ठिकाणी उभा आहे आणि त्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाड्यांतून पडक्या देवळांच्या म्हणजे जुन्या ख्रिस्ती मंदिरांच्या भिंती डोकावतात. 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा एकटा उभा आहे. त्याचेही वरचे मजले गेले. चौलात रामेश्वराचे देऊळ व पुष्करिणी आहे, जुन्या हमामखान्याचे अवशेष आहेत. रेवदंड्यात बेने इस्रायलांचे १८४२ सालचे प्रार्थनामंदिर आहे. खाडीत मच्छीमारांच्या होड्या आणि पलीकडील कारखान्याकडे जाणाऱ्या बार्जा दिसल्या. मुले इकडे तिकडे पाहत राहिली. शेवटी आठवीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, पण शहर कुठे आहे?"

आम्ही म्हटले, "बाळ, तू शहरातच उभा आहेस."

तो हसला नाही, आणि आम्हीही विनोद केला नव्हता. एवढे मोठे शहर गेले कोठे, हाच आजचा धडा होता.

शहर जाळून किंवा लुटून नाहीसे झाले, असे पुष्कळांना वाटते. वेढे पडले, जाळपोळही झाली; पण त्यानंतर शहर पुन्हा उभे राहत असे. जे परतले नाही ते खोल पाणी. याचे कारण शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. दारे धरताना तुम्ही पाहिलेच असेल की, पाटाचे पाणी जोरात असते तोवर माती त्याच्याबरोबर वाहते. पाणी संथ झाले की माती तळाशी बसते. दर हंगामात पाटातील गाळ काढला नाही, तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. नदीचेही तसेच आहे. डोंगरावरून माती घेऊन ती धावत येते. मुखाशी भरतीचे पाणी तिला अडविते. तिचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो. वर्षाला बोटभर का होईना, पण शतकानुशतके बसतो. जहाजे मोठी होत गेली आणि खाडी उथळ होत गेली. इकडे सतराव्या शतकात इंग्रजांच्या हाती आलेल्या मुंबईस खोल व सुरक्षित बंदर लाभलेले होते. व्यापारी तिकडे वळले आणि चौलच्या विणकरांतील काही कुटुंबेही त्यांच्यामागून गेली. अशा रीतीने, कोणी हाकलून न देता, शहर उठून गेले.

संध्याकाळी पुळणीवर एका मुलीस निळ्या नक्षीचा एक ठिकरा सापडला. तो जुना की कालच्या फुटक्या बशीचा, हे आम्हांस सांगता येईना, आणि तसे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी चौल येथे उत्खनन केले, तेव्हा परदेशी भांड्यांचे जे तुकडे निघाले त्यांत चीनमधील भांड्यांचेही होते. लोणच्याच्या बरणीस आपण आजही 'चिनी मातीची' म्हणतो, ते या जुन्या व्यापाराचेच स्मरण होय. तिने तो ठिकरा घरी नेण्याची परवानगी मागितली. आम्ही तो जेथे सापडला तेथेच ठेवावयास सांगितला. जुनी वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी साक्ष नाहीशी होते.

ठिकऱ्यावरून चीनची गोष्ट निघाली, तेव्हा आम्ही मुलांना त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील तिआनजिन नावाच्या ऐतिहासिक शहराविषयी सांगितले. कारण चौलच्या धड्याचा दुसरा अर्धा भाग तेथे सापडतो. हाय नावाच्या नदीकाठी, समुद्रापासून थोडे आत, हे शहर आहे. दक्षिणेकडील धान्य राजधानीस नेणारा प्रसिद्ध महाकालवा तेथूनच जातो. मिंग घराण्याच्या योंगलो बादशहाने १४०४ साली तेथे तटबंदीचे ठाणे वसविले. नावाचा अर्थ 'स्वर्गाच्या पुत्राचा उतार' असा सांगतात. कारण राज्यासाठी लढताना बादशहाने तेथेच नदी ओलांडली होती. १८६० साली हे बंदर परदेशी व्यापारास खुले करणे चीनला भाग पडले आणि पुढे नऊ परकी राष्ट्रांनी तेथे आपापल्या वसाहती थाटल्या.

या नदीचे दुखणेही आपल्या कुंडलिकेसारखेच होते, किंबहुना अधिक मोठे. मुखाशी गाळाचा बांध होता आणि नदीचे वळणे घेणारे पात्र भरत चालले होते. १८९० नंतरच्या दशकात आगबोटींना शहराच्या धक्क्यापर्यंत येणे अशक्य होऊ लागले. तिआनजिनचेही चौल व्हावयाचे! पण १८९७ साली नदीच्या सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. वळणे तोडून पात्र सरळ केले गेले आणि गाळ उपसला गेला. पुढे नदीच्या मुखाशी, चिखलाच्या किनाऱ्यावरच, खोदून नवे बंदर करण्यात आले. त्याचा आरंभ जपानी अंमलात झाला आणि १९५२ साली ते चिनी सरकारने पुन्हा खुले केले. आज जगातील अत्यंत गजबजलेल्या बंदरांत त्याची गणना होते. तात्पर्य, गाळ दोन्हीकडे आला. एकीकडे तो उपसणारे हात होते, दुसरीकडे नव्हते. चौलच्या लोकांस आपण दोष देऊ नये. त्यांच्यापाशी ना तशी यंत्रे होती, ना तो खर्च करणारे सरकार. पण निसर्गाने केले ते अटळच असते, असे म्हणून हात जोडून बसणे मात्र बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून कोर्लईस गेलो. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून निर्माण झालेली एक बोली घरोघर बोलली जाते. लोक तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. पोर्तुगीज सत्ता १७४० साली गेली, व्यापार गेला, त्या भाषेची शाळा नाही. तरीही अंगणात भाजी निवडणारी एक आजी आपल्या नातवाला त्याच भाषेत हाक मारीत होती. आमच्याशी मात्र ती स्वच्छ मराठीत बोलली. मुलींनी तिला विचारले, "आजी, ही भाषा तुम्हांला कोणी शिकविली?" ती म्हणाली, "आईनं. अजून कोण शिकवणार?" दगडी तट पडला आणि आईचा शब्द उरला, हे मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकले.

परतीच्या वाटेवर, शहर कोठे आहे असे विचारणारा तो आठवीतील मुलगा आमच्याशेजारी येऊन बसला. तो इंदापूर तालुक्यातील, भीमाकाठचा. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, आमचं जुनं गावही असंच गेलं. चौलचं पाणी गेलं, आमच्याकडे पाणी आलं."

आमच्याने लगेच उत्तर देववेना. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन देऊळही त्यात बुडाले. ज्या वर्षी पाणी फार ओसरते त्या वर्षी त्याचे शिखर व भिंती उघड्या पडतात आणि लोक पाहावयास जातात. त्याच पाण्यावर आज ऊस उभा आहे, त्याच पाण्यावर भिगवणास रोहित पक्षी येतात आणि आपण कौतुकाने ते पाहतो. पण त्याखाली कोणाचे अंगण आहे, कोणाची विहीर आहे, हे आपण विचारीत नाही. तीन तास चौलचा इतिहास सांगणाऱ्या आम्हांसही, आपल्याच वर्गात बसणाऱ्या मुलाचे गाव कोणते बुडाले, हे ठाऊक नव्हते. हा आमचा दोष आहे आणि तो येथे कबूल करणे योग्य वाटते.

आम्ही त्याला विचारले, "जुन्या गावात तुमचे घर कोठे होते?" तो म्हणाला, "मला नाही माहीत. आजीला माहीत आहे."

त्या उत्तरातून सहलीचा अभ्यास ठरला. ज्यांची घरे उजनीच्या पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांतील मुलांनी आपल्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि जुन्या गावाच्या आळ्या, विहिरी, देवळे, पार, घाट, बाजाराचा वार, शेतांची नावे हे सारे विचारून एका वहीत लिहावे. शक्य असल्यास आठवणीवरून गावाचा नकाशा काढावा. ज्यांची गावे जागेवर आहेत त्यांनीही, कालवा येण्यापूर्वी आपल्या शिवारात काय पिकत होते, हे विचारावे. पालकांस आमची विनंती आहे की, मूल असे काही विचारू लागले तर 'त्याचा परीक्षेत काय उपयोग?' असे म्हणू नये. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

चौलास पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. एका व्यापाऱ्याची वही नसती आणि एका आईची भाषा नसती, तर तेथे केवळ नारळाची झाडे दिसली असती. त्या मुलाने गेल्या आठवड्यात आपली वही आणून दाखविली. पहिल्या पानावर आजीने सांगितलेल्या सात विहिरींची नावे आहेत. आठवीचे नाव आजीला आठवत नाही. त्यासाठी त्याने एक ओळ मोकळी ठेवली आहे, आणि ते विचारण्यासाठी तो येत्या रविवारी शेजारच्या वस्तीवरील एका आजोबांकडे जाणार आहे.